गेटवुड आजींची अरण्यवाट

एफ. वाय. ला माझा इंग्रजीचा पेपर राहिला आणि घरात पहिल्यांदा माझ्या लग्नाचा विषय निघाला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. एकदा अडखळलेली पोर पुढे काय चालणार, असे वडिलांना वाटले, यात त्यांचा तरी काय दोष? त्याच दिवसांत एमा गेटवुड या अमेरिकन बाईंविषयी वाचले आणि त्या मनात घर करून राहिल्या.

त्यांचा जन्म १८८७ सालचा, ओहायो राज्याच्या ग्रामीण भागातला. घरात पंधरा मुले. शिक्षण जेमतेम आठवीपर्यंत. १९०७ साली, म्हणजे माझ्याच वयाच्या असताना, त्यांचे लग्न झाले. अकरा मुले झाली. नवरा बेदम मारहाण करी. अशा वेळी त्या रानाचा आसरा घेत. तिथेच जिवाला थोडी शांतता मिळे. अखेर १९४१ साली त्यांनी घटस्फोट मिळवला.

पुढे एका मासिकात त्यांनी ॲपलाचियन ट्रेलविषयी वाचले. जॉर्जियापासून मेनपर्यंत डोंगरारानांतून जाणारी ही पायवाट तेव्हा सुमारे २०५० मैलांची होती. १९५४ साली त्या मेनच्या टोकाकडून निघाल्या. पण थोड्याच दिवसांत वाट चुकल्या, चष्मा फुटला आणि परत फिरावे लागले.

दुसरी एखादी तिथेच थांबली असती. १९५५ च्या मे महिन्यात, फिरायला जाते एवढेच मुलांना सांगून, त्या जॉर्जियाहून पुन्हा निघाल्या. वय सदुसष्ट. पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा! २५ सप्टेंबरला त्या कटाडिन शिखरावर पोचल्या. संपूर्ण वाट एका हंगामात एकटीने चालणारी ही पहिली स्त्री. १९५७ साली त्यांनी तोच पराक्रम पुन्हा केला.

मला मात्र त्यांची तिसरी फेरी अधिक मोलाची वाटते. या वेळी त्यांनी ती वाट तुकड्यातुकड्यांनी चालून १९६४ साली पुरी केली. तेव्हा पंचाहत्तरीही उलटली होती. एक टप्पा चालायचा, घरी परतायचे आणि पुन्हा पुढच्या टप्प्याला भिडायचे. तीन वेळा ही वाट पुरी करणारी त्या पहिलीच व्यक्ती. १९७३ साली, पंचाऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

तुकड्यांनी चालल्याने वाट काही आखूड होत नाही. डोंगर तेवढेच, चढही तेवढेच. हे उमगले आणि मी वडिलांकडे एक वर्ष मागून घेतले. राहिलेला पेपर ऑक्टोबरात सुटला. पुढचे टप्पे अजून बाकी आहेत. पण घरातला तो विषय सध्या तरी मागे पडला आहे.