बाबूराव पेंटर : कॅमेरा घडवला, 'सावकारी पाश'ची रिळं मात्र हरवली

कोल्हापूर : कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापुरातलाच. आडनाव खरं तर मेस्त्री. चुलतभाऊ आनंदरावांसोबत नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचं वेड लागलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी नाद सोडला नाही. विष्णुपंत दामलेंना सोबत घेऊन त्यांनी देशी कॅमेरा घडवलाच. तानीबाई कागलकर यांनी पैसा लावला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० ला 'सैरंध्री' पडद्यावर आला.

पण खरी मोलाची कामगिरी १९२५ च्या 'सावकारी पाश'ची. देवादिकांच्या सिनेमांच्या जमान्यात त्यांनी कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी दाखवला. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. आजही खेड्यात ही गोष्ट परकी वाटायची नाही. पण बघणार कुठं? त्या काळची फिल्म पटकन पेट घ्यायची, नाहीतर सडायची; कित्येक रिळं चांदी काढायला विकली गेली. १९६४ ला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं, पी. के. नायर यांनी जुनी रिळं हुडकली. बाबूरावांच्या 'मुरलीवाला', 'सती सावित्री'चे तुकडे तेवढे उरलेत. 'सावकारी पाश' त्यांनी १९३६ ला बोलपट म्हणून पुन्हा केला. १६ जानेवारी १९५४ ला ते गेले. मूळ मूकपट हरवलेल्यांतच जमा आहे.