बुऱ्हाणपूरचे रहीम

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत आपण थोरामोठ्यांची आठवण काढतो. यंदा आम्ही अब्दुल रहीम खानखानान यांचे चरित्र घेतले आहे. गणपतीच्या अंकात रहीम कसे, असे कोणी विचारील. रहीम यांच्या नावावर असलेल्या बरवै छंदातील एका रचनेची सुरुवातच गणेशवंदनेने होते, एवढे सांगितले तरी पुरे. शिवाय त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे आपल्या या तापीकाठच्या गावात गेली. आपली मुले शाळेत रहीम यांचे दोहे पाठ करतात, पण ते आपल्याच गावी राहत होते हे त्यांना कोणी सांगत नाही.

रहीम यांचा जन्म १७ डिसेंबर १५५६ रोजी लाहोरला झाला. वडील बैरामखान हे बालवयातील अकबराचे पालक आणि सेनापती. पुढे बादशहाची मर्जी फिरली आणि ते हजला निघाले. १५६१ मध्ये वाटेत गुजरातेतील पाटण येथे त्यांची हत्या झाली. त्या वेळी रहीम अवघे चार वर्षांचे होते. अकबराने या पोरक्या मुलाला दरबारात आणून वाढवले. तुर्की, फारसी, अरबी, संस्कृत आणि ब्रज अशा भाषा त्यांनी आत्मसात केल्या. गुजरातच्या मोहिमेत सरखेजजवळ मुजफ्फरशहाचा पराभव केल्यावर वडिलांचीच 'खानखानान' ही पदवी त्यांना मिळाली. १५८९ मध्ये त्यांनी बाबराच्या तुर्की आत्मचरित्राचे फारसी भाषांतर पुरे करून अकबराला सादर केले.

त्यानंतर ते दक्षिणेत आले. इथे आपल्याला थोडे थांबावे लागते, कारण ते आले ते आपल्याच मुलुखावर चालून. १५९७ मध्ये गोदावरीकाठी आष्टीच्या लढाईत त्यांनी दक्षिणी फौजांचा पराभव केला. त्यांच्या बाजूने लढताना बुऱ्हाणपूरचा फारुकी राजा राजे अलीखान कामी आला. आपल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरवून घेणारा राजा तो हाच. १६०० मध्ये अहमदनगर पडले, १६०१ मध्ये असीरगड गेला आणि बुऱ्हाणपूर हे दक्षिणेतील मोगलांचे मुख्य ठाणे झाले.

पण रहीम यांच्या छावणीत तलवारीइतकाच लेखणीला आणि कुंचल्याला मान होता. फारसी कवी त्यांच्याकडे आश्रयाला येत. इराणातील नहावंदहून आलेल्या अब्दुल बाकी यांनी त्यांचे मोठे चरित्र 'मआसिर-ए-रहीमी' १६१६ मध्ये पुरे केले. रामायणाच्या फारसी भाषांतराची एक सचित्र प्रत रहीम यांनी स्वतःच्या चित्रकारांकडून करवून घेतली. ती आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. ते काम चालू होते त्या काळात हा माणूस दक्षिणेत लढाया करत होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

गावाला त्यांच्या काळात मिळालेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे कुंडी भंडारा. १६१५ च्या सुमारास तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराच्या देखरेखीखाली हे काम झाले. सातपुड्याच्या डोंगरात मुरलेले पावसाचे पाणी तापीकडे झिरपत येते. ते जमिनीखालच्या बोगद्यांत अडवून, उताराच्या बळावर शहराकडे आणले. मोट नको, रहाट नको. बोगद्यांवर ठराविक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या खोदल्या, म्हणजे आत हवा खेळती राहावी आणि साफसफाईला माणूस उतरू शकावा. लालबागेकडील अशा शंभरावर कुंड्या आपल्याला ठाऊक आहेत. खाली पाणी अजूनही वाहते.

रहीम यांचे घर मात्र याच गावात उजाड होत गेले. जावई शहजादा दानियाल १६०५ मध्ये इथेच दारूपायी गेला आणि मुलगी जाना बेगम विधवा झाली. थोरला मुलगा शाहनवाजखान याने १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगाव येथे मलिक अंबरला हरवले होते. तोही १६१९ मध्ये वारला. उतावळी नदीकाठची त्याची कबर आपण येता-जाता पाहतो. पुढच्याच वर्षी मलिक अंबरच्या फौजेने बुऱ्हाणपूर वेढले. त्या फौजेत मराठी घोडेस्वार मोठ्या संख्येने होते. आपले पूर्वज वेशीबाहेर आणि म्हातारे रहीम वेशीच्या आत, असा तो प्रसंग. शहर मेटाकुटीला आले. पुढे शहाजहान आल्यावर वेढा उठला.

त्यानंतर शहाजहानच्या बंडात रहीम दोन्हीकडून अडकले. दुसरा मुलगा दाराबखान याचे शीर कापून ते बापाकडे पाठवण्यात आले. १६२७ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. पत्नी माहबानू हिच्यासाठी त्यांनीच बांधलेल्या, निजामुद्दीनजवळच्या मकबऱ्यात त्यांना पुरले. अठराव्या शतकात सफदरजंगाच्या मकबऱ्यासाठी त्याचे दगड काढून नेले. अलीकडे त्याची डागडुजी झाली आहे.

आपली घराणी या गावात आली ती पुढे. कोणी उदगीरनंतर पेशव्यांच्या अंमलात, कोणी शिंद्यांच्या चाकरीत, कोणी रेल्वे आणि कापडगिरण्यांच्या निमित्ताने. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि बोलण्यात कितीतरी उर्दू शब्द, अशी आपली रीत पडली. ज्यांच्याशी आपले पूर्वज लढले त्यांच्या काळच्या पाण्यावर हे गाव पिढ्यान्‌पिढ्या जगले. लढाई झाली हे लपवू नये आणि पाणी प्यालो हेही विसरू नये, असे आम्हाला वाटते.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. या उत्सवाच्या सुट्टीत मुलांना कुंडी भंडाऱ्यावर न्यावे, शाहनवाजखानाची कबर दाखवावी, जामा मशिदीतला संस्कृत लेख दाखवावा. कुंड्यांच्या तोंडाशी निर्माल्य किंवा कचरा पडू देऊ नये. आणि सातपुड्यावरची झाडे राहिली, पाऊस मुरला, तरच खाली झरा राहील, हेही त्यांना सांगावे. विघ्नहर्त्याला वंदन करणाऱ्या या कवीचे एवढे देणे आपण लागतो.