आचार्य धर्मानंद कोसंबी : एका विद्यार्थ्याचे चरित्र

हुबळीहून वास्कोकडे जाणारी आगगाडी लोंढ्यानंतर घाट उतरते, दूधसागराचा प्रपात मागे टाकते आणि मडगाव सोडल्यावर, मुरगावचे बंदर येण्यापूर्वी, सांखवाळ नावाच्या एका लहानशा स्थानकावरून जाते. दाजीबानपेठेत राहणाऱ्या आम्हा कोंकणी घरांतील मंडळींनी सुटीत गोव्यास जाताना ती पाटी अनेकदा वाचली असेल. परंतु नारळी-पोफळींच्या त्या गावातून एक अल्पशिक्षित तरुण केवळ एका विषयाचे ज्ञान मिळवावे एवढ्याच हेतूने बाहेर पडला आणि पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठापर्यंत पोहोचला, ही हकीकत आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म सांखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. प्रकृती लहानपणापासून अशक्त, आणि बुद्धीही बेताचीच, असा घरच्यांचा समज होता. शिक्षण म्हणावे तर काही इयत्ता मराठी शाळेत झालेले. पोर्तुगीज अमलाखालील त्या खेड्यात पुढे शिकण्याची सोय नव्हती आणि बागायतीच्या कामासाठी घरी माणूस हवे होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लहान वयातच विवाह झाला. बागेला पाणी द्यावे, नारळ मोजावे आणि मिळेल ते मराठी पुस्तक वाचावे, असा त्यांचा दिवस जात असे.

सन १८९७ च्या सुमारास मुंबईच्या 'बालबोध' मासिकात आलेले भगवान बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. ते मासिक मुलांसाठी निघत असे आणि लेखही काही पंडिती नव्हता. पण या तरुणाच्या मनाने तेथेच ठाव घेतला. बुद्धाविषयी जे जे कळण्यासारखे आहे ते सर्व आपण मुळातून समजून घ्यायचे, असा त्यांनी निश्चय केला. आता निश्चय आपण सारेच करतो. परीक्षेचा निकाल लागल्यानंतरच्या पंधरवड्यात तर आमच्या शाळेत निश्चयांचा सुकाळच असतो. धर्मानंदांचेही पहिले निश्चय टिकले नाहीत. घरातून निघण्याचे त्यांचे आधीचे प्रयत्न फसले व ते परत आले. 'निवेदन' या १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या मनाची ही चलबिचल मुळीच झाकून ठेवलेली नाही. म्हणूनच ते पुस्तक मला मोठ्या माणसांच्या इतर पुष्कळ चरित्रांपेक्षा अधिक खरे वाटते.

सन १८९८ मध्ये वडील निवर्तले. १८९९ च्या अखेरीस, घरी पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी माणिक यांना ठेवून, धर्मानंद पुण्यास निघाले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्यांची आस्था पाहून त्यांना साहाय्य केले. पाली भाषेपूर्वी संस्कृत यावयास हवे, हे ध्यानी आल्यावर ते उज्जैन-ग्वाल्हेरच्या वाटेने काशीस गेले. अन्नछत्रात जेवावे, शास्त्र्यांच्या चरणांशी बसून व्याकरण घोकावे, असे तेथे चालले. वय तेवीस-चोवीस, लहान मुले ज्या वयात रूपे पाठ करतात ते कधीच मागे पडलेले. तरी त्यांनी लाज धरली नाही.

बौद्ध धर्म नेपाळात जिवंत आहे अशी समजूत असल्यामुळे १९०२ मध्ये हालअपेष्टा सोसून ते तेथे गेले. जे पाहिले त्याने घोर निराशा झाली. बुद्धाच्या अहिंसेऐवजी पशुबळी दृष्टीस पडले. अशा वेळी बहुतेक माणसे आपले ध्येयच खोटे होते असे ठरवून माघारी फिरतात. धर्मानंदांनी एवढेच ठरविले की वाट चुकली. दुसरी शोधली पाहिजे. ते बुद्धगयेस आले. तेथील एका भिक्षूकडून कळले की पाली ग्रंथ शिकावयाचे असतील तर सिंहलद्वीपास जावे लागेल. जवळ पैसा नव्हता. कलकत्त्याच्या महाबोधी सभेचे साहाय्य मिळवून ते कोलंबोला पोहोचले आणि विद्योदय विद्यालयात महास्थविर सुमंगल यांच्या हाताखाली पालीचा पहिला पाठ त्यांनी घेतला. श्रामणेर झाले, पुढे ब्रह्मदेशात जाऊन भिक्षूची दीक्षा घेतली व तेथील विहारांत राहून अध्ययन व ध्यान केले. प्रकृती वारंवार बिघडे. अन्न मानवत नसे.

येथे थोडे थांबून सांखवाळकडे पाहिले पाहिजे. या अवधीत बाळाबाई एका लहान मुलीला घेऊन आप्तांच्या आधाराने दिवस काढीत होत्या. ध्येयवादी पुरुषांच्या चरित्रांत अशा स्त्रियांना एखादी ओळ मिळते. धर्मानंद १९०६ मध्ये, सुमारे सात वर्षांनी, स्वगृही परतले आणि त्यांनी पुन्हा संसाराची जबाबदारी पत्करली. त्यांच्या ज्ञानाची किंमत त्यांनी एकट्याने दिली नव्हती, असे मला प्रामाणिकपणे वाटते, आणि त्यांचे मोठेपण कबूल करूनही ते लिहून ठेवणे अवश्य आहे.

कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात व नंतर विद्यापीठात त्यांना पालीच्या अध्यापनाचे काम मिळाले. कोणतीही पदवी नसलेल्या माणसाला हा मोठाच मान होता. पण आपण मिळविलेली विद्या मराठी जनांपर्यंत न्यावी, हा हेतू त्यांच्या मनात राहिला होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा कलकत्त्याची जागा सोडून ते तुटपुंजे वेतन त्यांनी स्वीकारले. घरचे हिशेब सांभाळणाऱ्या कोणाही पालकाला हा निर्णय सहज पटणार नाही. बडोद्यास दिलेली त्यांची व्याख्याने 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने १९१० साली प्रसिद्ध झाली.

त्याच वर्षी हार्वर्डचे प्राध्यापक वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेस गेले. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या विद्वानाने आरंभिली होती. तो १८९९ मध्येच, म्हणजे धर्मानंद घर सोडून निघाले त्याच वर्षी, वारला होता, आणि ते काम अपुरे पडले होते. मुलांच्या मासिकातील एका लेखाने जागा झालेला तरुण आता ते पुरे करावयास बसला. मात्र ग्रंथावर कोणाचे नाव कसे यावे, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. आपल्या श्रमाचे श्रेय गौण ठरावे हे धर्मानंदांना मान्य झाले नाही आणि १९१२ मध्ये ते परतले. पुढे त्याच कामासाठी त्यांनी आणखी तीनदा समुद्र ओलांडला. १९१८ च्या प्रवासात माणिक व मुलगा दामोदर यांना बरोबर नेले. हाच दामोदर पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून प्रसिद्धीस आला.

मध्यंतरी १९१२ ते १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांच्यासारखे शिष्य तेथे तयार झाले आणि महाराष्ट्रात पालीचे अध्ययन रुजले. नंतर गुजरात विद्यापीठ, १९२९ मध्ये रशियातील लेनिनग्राड, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोडे व मग तुरुंग, मुंबईच्या परळ भागात श्रमिकांसाठी १९३७ मध्ये उघडलेला बहुजन विहार, अशी त्यांची भ्रमंती चालूच होती. त्यांचा 'भगवान बुद्ध' हा मराठी ग्रंथ अनेक भारतीय भाषांत गेला आहे.

'विसुद्धिमग्ग' मात्र त्यांनी हातचा सोडला नाही. हार्वर्डची आवृत्ती रखडली, तेव्हा त्यांची नागरी लिपीतील आवृत्ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्याभवनाने छापली. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामच्या आश्रमात त्यांचे देहावसान झाले. हार्वर्डच्या ग्रंथमालेत ते पुस्तक अखेर १९५० साली बाहेर पडले. त्यावर वॉरन यांच्या नावासोबत सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींचेही नाव छापलेले आहे.