भाषांचे भाऊबंद शोधणारा रास्क

डॅनिश भाषेत शिंप्याला ‘स्क्रेदर’ म्हणतात आणि बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लॅटव्हियन भाषेत ‘स्क्रोडेरिस’. पाय मात्र डॅनिशमध्ये ‘फोद’ आणि लॅटव्हियनमध्ये ‘पेदा’. कानाला वाटते, पहिली जोडी सख्खी आणि दुसरी परकी. प्रत्यक्षात आहे नेमके उलट. शिंप्याचा शब्द दोन्ही भाषांनी उत्तर जर्मनीतून आलेल्या व्यापारी-कारागिरांच्या बोलीतून उसना घेतला. पायाचा शब्द मात्र दोघींना एकाच पूर्वजाकडून वारशाने मिळाला. आपला ‘पाद’ही त्याच घराण्यातला.

उसनवारी कोणती आणि वारसा कोणता, हे ओळखण्याची रीत ज्यांनी घालून दिली, त्यांत रास्मुस रास्क याचे नाव अगदी पुढे घ्यावे लागते. योगायोग असा की तो शिंप्याचाच मुलगा.

डेन्मार्कच्या फ्यून बेटावरील एका खेड्यात २२ नोव्हेंबर १७८७ रोजी रास्कचा जन्म झाला. बाप अल्पभूधारक; थोडी शेती, थोडे शिवणकाम. पोरगा किरकोळ प्रकृतीचा, पण बुद्धीने तल्लख. ओडेन्सच्या शाळेत त्याला नॉर्वेच्या राजांचा जुना आइसलँडिक इतिहास बक्षीस मिळाला. या भाषेचे व्याकरण हाताशी नव्हते. रास्कने मूळ ग्रंथ आणि त्याचे भाषांतर शेजारी ठेवले, शब्दाशी शब्द ताडून पाहिला आणि व्याकरण स्वतःच रचले. पुढे १८११ मध्ये त्याचे आइसलँडिकचे व्याकरण छापून आले, तेव्हा तो पुरता चोवीस वर्षांचाही नव्हता.

डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीने जुन्या नॉर्डिक भाषेचे मूळ शोधण्यासाठी निबंधस्पर्धा जाहीर केली होती. रास्क १८१३ मध्ये आइसलँडला गेला आणि १८१४ मध्ये तिथेच त्याने हा निबंध पुरा केला. बक्षीस मिळाले, ग्रंथ १८१८ मध्ये निघाला. त्यात त्याने आपल्या भाषेची तुलना ग्रीक, लॅटिन, स्लाव्ह आणि ‘लेटिश’ भाषांशी केली. लेटिश म्हणजे लॅटव्हियन, लिथुआनियन आणि त्यांचे भाऊबंद. त्यांचा त्याने स्लाव्हहून वेगळा गट मानला.

त्याचा नियम साधा होता. शब्द बाजारहाटात कुठूनही येतात. व्याकरणाचा सांगाडा सहसा कोणी उसना घेत नाही. म्हणून आधी व्याकरण पाहावे आणि मग रोजच्या, जुन्या शब्दांत अक्षरांचा बदल नियमाने होतो का ते तपासावे. एकदा जुळले तर तो योगायोग. पुन्हा पुन्हा जुळले तर नाते.

ही खतावणी आपणही ताडून पाहू शकतो. लॅटव्हियन ‘पेदा’ तर डॅनिश ‘फोद’. लॅटव्हियन ‘पिल्न्स’ म्हणजे पूर्ण, तर डॅनिश ‘फुल’. ‘प’ होता तिथे डॅनिशमध्ये ‘फ’ आला. लॅटव्हियन ‘दिवी’ म्हणजे दोन, डॅनिश ‘टो’. शंभराला लॅटव्हियन ‘सिम्त्स’, आपल्या ‘शत’च्या जवळचा, डॅनिशमध्ये त्याच जागी ‘ह’ने सुरू होणारा ‘हुंद्रेद’. लॅटव्हियन तर मराठी माणसाला क्षणभर घरचीच वाटेल. ‘दिएव्स’ म्हणजे देव, ‘दिएना’ म्हणजे दिवस, ‘दूमि’ म्हणजे धूर, ‘उगुन्स’ म्हणजे अग्नी.

शिकणाऱ्याला मात्र दोघी वेगवेगळ्या तऱ्हेने दमवतात. लॅटव्हियनने सात विभक्ती जपल्या आहेत; डॅनिशने नामांच्या जवळपास सगळ्या टाकून दिल्या. डॅनिशची अडचण उच्चारांची. ‘हुन’ म्हणजे ती. तोच उच्चार घशात किंचित अडकवला की झाला कुत्रा! गंमत म्हणजे असाच घशातला अडथळा लॅटव्हियनमध्येही आहे. लॅटव्हियन पन्नास म्हणजे सरळ पाच दहा. डॅनिश पन्नास म्हणजे अडीच विसा, आणि त्यातले अडीच म्हणजे ‘अर्धा तिसरा’. आपला ‘अडीच’ही ‘अर्धतृतीय’ या शब्दातूनच आला आहे.

आइसलँडवर तेव्हा डेन्मार्कचे राज्य होते. राज्यकर्त्यांची भाषा त्या छोट्या भाषेला गिळून टाकील, ही चिंता राज्यकर्त्यांच्याच देशातल्या या तरुणाला लागली. १८१६ मध्ये आइसलँडिक साहित्य मंडळ स्थापन झाले, त्यात त्याचा पुढाकार होता. ते मंडळ आजही आहे.

त्याच वर्षी तो प्रवासाला निघाला. स्वीडन, पीटर्सबर्ग, तिफ्लिस, इराण असे करत १८२० मध्ये तो मुंबईत उतरला. एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता. इथे रास्कने पारशी समाजाकडून अवेस्ताच्या जुन्या पोथ्या मिळवल्या. पुढे ग्वाल्हेर, कलकत्ता, मद्रास करून तो सिलोनला गेला आणि तिथे पाली पोथ्या जमवल्या. या प्रवासाने त्याची प्रकृती ढासळली आणि मनही. कोणीतरी आपल्या वाईटावर आहे, या संशयाने त्याला घेरले. तरी १८२३ मध्ये तो पोथ्यांचे धन घेऊन मायदेशी परतला. अवेस्ता ही खरोखरच प्राचीन भाषा आहे, हे त्याने १८२६ मध्ये साधार मांडले. फाउसबॉल या डॅनिश पंडिताने १८५५ मध्ये धम्मपद संपादित केले, ते कोपनहेगनमधल्या पाली पोथ्यांच्या आधारे.

कीर्ती मात्र दुसरीकडे गेली. अक्षरबदलाचा तो नियम याकोब ग्रिमने १८२२ मध्ये जर्मन भाषेत विस्ताराने मांडला आणि जग त्याला ग्रिमचा नियम म्हणू लागले. ग्रिमने रास्कचा ग्रंथ वाचला होता. पण डॅनिश किती जणांना वाचता येणार? रास्कला भाषा थोड्या का येत होत्या! तरी आयुष्यातला मुख्य ग्रंथ त्याने आपल्या लोकांच्या भाषेत लिहिला आणि त्याची किंमत मोजली. डॅनिश लेखनात उच्चाराप्रमाणे सुधारणा व्हावी म्हणूनही तो झगडला. त्याने पुरस्कारलेले, माथ्यावर वर्तुळ असलेले ‘ओ’चे अक्षर डेन्मार्कने अधिकृतपणे स्वीकारले ते १९४८ मध्ये.

पौर्वात्य भाषांचे प्राध्यापकपद त्याला १८३१ मध्ये मिळाले. तोवर क्षयाने शरीर पोखरले होते. १४ नोव्हेंबर १८३२ रोजी तो गेला. पंचेचाळिसावा वाढदिवस आठ दिवसांवर होता. कोपनहेगनच्या दफनभूमीतील त्याच्या थडग्यावर डॅनिशबरोबर संस्कृतही कोरलेले आहे.

आपल्या भाषेत लिहिले तर जग वाचील का, हा प्रश्न आजही मराठी घरांतल्या हुशार मुलांपुढे असतो. रास्कचे आयुष्य त्याचे उत्तर सोपे करून देत नाही. जगाने त्याला उशिरा वाचले, आणि मधल्या काळात श्रेय दुसऱ्याच्या नावे जमा झाले. पण आज डेन्मार्कमधले मूल आपल्या भाषेचे नाव लिहिण्याआधीच जे अक्षर गिरवते, त्यात रास्कचा हट्ट आहे. आणि आइसलँडिक भाषा जिवंत आहे, त्यात त्याचाही वाटा आहे.