तीन अक्षरांमागचा माणूस

गणपती विसर्जनाच्या रात्री रस्त्याच्या कडेला उभे राहिले, की कानांवर आणि छातीवर एकदमच आदळणाऱ्या स्पीकरच्या भिंती पुढून सरकत जातात. त्यांतल्या काही खोक्यांवर तीन अक्षरे दिसतात : जे, बी, एल. परवा नातवाच्या हातातल्या पेल्याएवढ्या स्पीकरवरही तीच अक्षरे दिसली. ही अक्षरे कोणाची, असे मी त्याला विचारले. त्याला वाटले, आजोबा किंमत विचारताहेत.

ती अक्षरे एका माणसाच्या नावाची आहेत. जेम्स बुलो लॅन्सिंग. मात्र हे नाव त्याचे जन्माचे नव्हते. १४ जानेवारी १९०२ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात तो जन्मला तो जेम्स मार्टिनी म्हणून. बाप कोळशाच्या खाणींतला इंजिनिअर, त्यामुळे बिऱ्हाड सतत फिरते. चौदा भावंडांतला हा नववा. अशा घरात पोराकडे लक्ष द्यायला कोणाला सवड असणार? त्याने आपले लक्ष यंत्रांकडे वळवले. बारा वर्षांचा असताना त्याने घरीच रेडिओचा एक छोटा प्रक्षेपक बनवला. त्याचे संदेश थेट नौदलाच्या ठाण्यापर्यंत पोहोचले आणि नौदलाची माणसे येऊन तो प्रक्षेपक मोडायला लावून गेली, असे सांगतात.

पुढे मोटारी दुरुस्त करता करता तो यंत्रकामात तयार झाला. १९२४ साली आई गेली आणि त्याने घर सोडले. सॉल्ट लेक सिटीत रेडिओ केंद्रावर काम मिळाले, १९२५ साली ग्लेना पीटरसन हिच्याशी लग्न झाले आणि केन डेकर नावाचा व्यवहार जाणणारा मित्र भेटला. दोघांनी १९२७ साली लॉस एंजेलिसला लॅन्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. नाव बदलले ते याच सुमारास. बुलो हे त्याने पूर्वी ज्या कुटुंबाकडे काही दिवस काढले होते, त्यांचे आडनाव. कारखाना लॅन्सिंगने सांभाळायचा आणि हिशेब डेकरने, अशी वाटणी होती. रेडिओच्या पेटीत बसणारे सहा आणि आठ इंची स्पीकर ते बनवीत. पोट भरत होते.

बोलपट आले आणि दिवस पालटले. हजार-दोन हजार माणसांच्या नाट्यगृहात आवाज पोहोचवायचा, आणि त्या काळचे ॲम्प्लिफायर जेमतेम काही वॉटचे. उघडा कागदी शंकू हवेला ढकलतो ते रिकाम्या हवेत हात मारल्यासारखे. बहुतेक शक्ती वाया जाते. म्हणून कर्णा हवा. आपल्या आजोबांच्या ग्रामोफोनचा कर्णा काय करीत होता? गळ्याशी थोड्या हवेवर मोठा दाब, आणि तोंडाशी भरपूर हवेवर थोडा दाब, असा सांधा जुळवीत होता. सायकलच्या गिअरसारखेच हे. धातूच्या पातळ पडद्यासमोर मोकळी जागा न ठेवता हवेला अरुंद गळ्यातून जायला लावले, की त्याला म्हणतात कॉम्प्रेशन ड्रायव्हर. पडद्याच्या कडेचा आणि मध्याचा आवाज गळ्याशी एकाच वेळी पोहोचावा म्हणून मधे खाचा पाडलेला एक शंकू बसवावा लागतो. इथे केसभर चूक झाली तरी आवाज बिघडतो. लॅन्सिंगचा हात असल्याच कामासाठी घडलेला होता.

त्या वेळी नाट्यगृहांत खर्जाचा कर्णा लांबलचक, घड्या घातलेला असे, आणि वरच्या स्वरांचा आखूड. दोन्ही आवाज काही फूट कमीजास्त अंतर कापून येत. परिणाम असा, की पडद्यावर नर्तकी टाचा वाजवू लागली, की एकेक ठोका दोनदा ऐकू येई. एमजीएमच्या ध्वनिविभागाचा प्रमुख डग्लस शिअरर, अभिनेत्री नॉर्मा शिअररचा भाऊ, याला हे खपेना. त्याचा सहकारी जॉन हिलिअर्ड, लॅन्सिंग आणि जॉन ब्लॅकबर्न हे शास्त्रज्ञ अशी मंडळी कामाला लागली. खर्जाचा कर्णा आखूड केला, वरच्या कर्ण्याशी त्याची ओळ जुळवली, आणि ठोका एकच झाला. या शिअरर हॉर्नला १९३६ सालासाठी अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

मग प्रश्न आला घरचा. ज्याला हौशी मंडळी मिडबास म्हणतात, तो साधारण शंभर ते पाचशे कंपनांचा पट्टा म्हणजे संगीताचे बूड. तंबोऱ्याचा खर्ज, डग्ग्याची घुमारी, पुरुषी आवाजाचे वजन, सारे इथे. पण निसर्गाचा हिशेब कडक आहे. सेकंदाला शंभर कंपनांच्या स्वराची एक लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते. मोकळ्या जागेत ती नीट पेलायची तर कर्ण्याच्या तोंडाचा घेर जवळजवळ तेवढा हवा. म्हणजे व्यास साडेतीन फुटांच्या आसपास. आपल्या दोन खोल्यांच्या घरात एवढा कर्णा ठेवला, तर ऐकायला माणसांनी जिन्यात बसायचे! पॉल क्लिप्शने चाळिशीच्या दशकात कर्ण्याला घड्या घालून तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवला आणि दोन भिंती व जमीन यांनाच कर्ण्याचा पुढचा भाग केले. लॅन्सिंगची वाट वेगळी होती. १९३७ सालच्या आयकॉनिक या लहान संचात त्याने कर्णा फक्त वरच्या स्वरांना दिला आणि खर्जासाठी पेटीत पंधरा इंची शंकू बसवला. शंकू इतका तत्पर करायचा, की कर्ण्याच्या जोडीला तो मागे पडू नये, हे त्याचे उत्तर.

आणि इथे माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला ज्याची धास्ती असते, तेच घडले. १९३९ साली डेकर विमान अपघातात गेला. हिशेबाची वही पोरकी झाली. दोन वर्षांत कंपनी डबघाईला आली. नाट्यगृहांची यंत्रे सांभाळणाऱ्या अल्टेक कंपनीने ४ डिसेंबर १९४१ रोजी ती ५० हजार डॉलरना घेतली. तीनच दिवसांनी पर्ल हार्बर झाले. अल्टेक लॅन्सिंग या नव्या नावाखाली तो तंत्रविभागाचा उपाध्यक्ष झाला. ती पाच वर्षे त्याच्या आयुष्यातली सर्वांत फळाची. ६०४ हा एकाच अंगात दोन स्पीकर असलेला नग आणि १९४५ सालचा व्हॉइस ऑफ द थिएटर हे याच काळातले.

त्याच्या डोक्यावर मालकाचे छत्र होते आणि पगार वेळेवर होता. पण कारागिराला दुसऱ्याच्या छपराखाली झोप लागत नाही. १९४६ साली करार संपताच तो बाहेर पडला आणि त्याने स्वतःची कंपनी काढली. लॅन्सिंग हे नाव आता अल्टेकच्या पाटीवरही होते, त्यांनी हरकत घेतली, तेव्हा याने आपले पूर्ण नाव लावले. स्वतःच घेतलेल्या नावासाठी त्याला असे भांडावे लागले.

या दिवसांत त्याने डी-१३० बनवला. पंधरा इंची शंकू आणि त्यामागे तारेचे चक्क चार इंची वेटोळे. तार गोल नव्हे, चपटी पट्टी, कडेवर उभी गुंडाळलेली. गोट्या रचण्याऐवजी विटा रचाव्यात तसे. मधे पोकळी नाही, चुंबकाच्या फटीत धातूच धातू. तो शंकू पुढे कित्येक वर्षे बनत राहिला आणि आजही हौशी लोक जुने नग शोधत असतात.

माल असा आणि वही कोरडी. मार्क्वार्ट या विमान कंपनीने पैसे घातले होते, पण ती स्वतःच दुसऱ्यांच्या हाती गेली आणि नव्या मालकांना स्पीकरमध्ये रस नव्हता. देणी थकली. सप्टेंबर १९४९ मध्ये वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी लॅन्सिंगने आपले आयुष्य संपवले.

त्याच्या विम्याचे दहा हजार डॉलर कंपनीला मिळाले. मार्क्वार्टचा पूर्वीचा खजिनदार बिल थॉमस याने धुरा घेतली, पुढे ग्लेनाचा हिस्साही घेतला आणि कंपनी वर आणली. १९५४ साली हार्ट्सफील्ड आला. त्यात खर्जालाही घडीचा कर्णा होता, कोपऱ्यात ठेवायचा. अल्टेकशी नावाचा वाद होता म्हणून पाटीवर तीन अक्षरे आली. १९६९ साली सिडनी हार्मनने कंपनी घेतली, आणि २०१७ साली हार्मनच सॅमसंगच्या हाती गेली.

ही कथा इथे संपवून प्रतिभेच्या शोकांतिकेवर चार उसासे टाकता येतील. पण मी ते टाकणार नाही, कारण मी टेबलाच्या पलीकडे बसलेलो आहे. लेथवर हात बसलेला, पण ताळेबंद मागितला की खाली बघणारा एक माणूस माझ्याही शाखेत येत असे. मी त्याचा अर्ज नियमांना धरून परत पाठवला. माझे काही चुकले नव्हते, असे अजूनही कागदावर सिद्ध करता येईल. मात्र त्याला एखादा हिशेबनीस जोडून द्यावा, दोन सावकारांशी बसून हप्ते ठरवून द्यावेत, हे मला तेव्हा सुचले नाही. तेवढे कोणत्याही नियमाने मनाई केलेले नव्हते.

लॅन्सिंगला पैसा कमी पडला हे खरेच. पण डेकर असेतो कंपनी चालत होती आणि थॉमस आल्यावर ती पुन्हा चालली. मधली दहा वर्षे पाहिली की कळते, त्याला कमी पडला तो शेजारी बसून वही उघडणारा माणूस. थॉमस होताच, कंपनीच्या मंडळावर, हाताच्या अंतरावर. त्याची खरी किंमत कळली ती मात्र धनी गेल्यावर.

यंदा विसर्जनाला ती भिंत पुढून जाईल तेव्हा मी नेहमीप्रमाणे कानांवर हात ठेवीनच. पण त्या तीन अक्षरांकडे एकदा बघीन. आणि तुमच्या ओळखीत एखादा हाताचा राजा, हिशेबाचा भिकारी असेल, तर या रविवारी त्याच्याकडे चहाला जा. वही काढ म्हणावे.