ओतूरच्या दुष्काळातील सावित्रीबाई



3 जानेवारीला शाळाशाळांतून सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी होते. आपल्या मुलीही लुगडे नेसून, कपाळावर आडवे कुंकू लावून भाषणे करतात. शाळेत जाताना अंगावर पडलेल्या शेणाची आणि दगडांची गोष्ट त्यांना तोंडपाठ असते. परंतु याच सावित्रीबाई आपल्या जुन्नर तालुक्यात, ओतूरला येऊन राहिल्या होत्या, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. आज त्याविषयी थोडे सांगावेसे वाटते.

त्यांचा जन्म 1831 सालचा, सातारा जिल्ह्यातील नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. 1840 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, जोतीरावांशी लग्न झाले. अक्षरे त्या सासरी शिकल्या, तीही नवऱ्याकडून. पुढे अहमदनगरला मिशनच्या फरार बाईंकडे त्यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्यापायी सासऱ्यांचे घर सोडावे लागले. हे सर्व आपण जाणतोच.

1863 सालची गोष्ट मात्र मुलांच्या भाषणांत सहसा येत नाही. एका तरुण विधवेने लोकलाजेपायी आपले अर्भक मारले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्याने तिला फसवले त्याचे काहीच बिघडले नाही. फुले पतिपत्नींनी आपल्याच घरात अशा स्त्रियांसाठी प्रसूतिगृह उघडले आणि शहराच्या भिंतींवर तशी पत्रके लावली. येणारीला कोणी जाब विचारत नसे. बाळंतपण करणे, मुले सांभाळणे हे सारे सावित्रीबाईंकडे होते. स्वतःला मूल नव्हते. तिथेच जन्मलेला एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत.

आता ओतूरकडे येऊ. आज आपल्या भागात पाच धरणे आहेत. नारायणगावचा टोमॅटो आणि ओतूरचा कांदा कुठल्या कुठे जातो. डिंभ्याच्या पाण्याने आंबेगावचीही शेते भिजतात. त्यामुळे 1876 सालचे जुन्नर डोळ्यांपुढे आणणे आपल्याला कठीण जाते. पाऊस गेला, चारा संपला, जनावरे उभ्या जागी कोसळू लागली. माणसे गावे सोडून निघाली; काहींनी पोटची मुलेही विकली. सरकारने खडी फोडण्याची, तळी खोदण्याची दुष्काळी कामे काढली होती. पण तिथली मजुरी मुळातच बेताची, आणि जानेवारी 1877 मध्ये मुंबई इलाख्यात ती आणखी कापली गेली. धान्याचा खर्च वाचवणे हेच सरकारी धोरण होते. ज्याचे पोट भरत नाही त्याने दगड कसे फोडायचे, हा साधा विचार हिशेबाच्या वहीत बसला नाही. पुष्कळ मजूर काम सोडून गेले.

अशा वेळी सत्यशोधक समाजाने अन्नछत्रे उघडली. धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी छावणी निघाली. सावित्रीबाई ओतूरला आल्या. भाऊ कोंडाजी आणि त्यांच्या पत्नी उमाबाई यांनी त्यांची व्यवस्था पाहिली. 20 एप्रिल 1877 रोजी त्यांनी येथून जोतीरावांना पत्र लिहिले. पतीला लिहिलेली त्यांची तीन पत्रे प्रसिद्ध आहेत, त्यांतील हे शेवटचे. त्यात घरगुती कुशल थोडेच आहे. बाकी सारा अहवाल आहे: कोणत्या गावची स्थिती कशी, मदतीला कोण आले, सावकार या संधीचा फायदा कसा घेत आहेत.

त्या दिवसांत दंगे होऊ लागले होते. सुपे गावी सावकारांविरुद्ध उठाव झाला तो 1875 साली. तो पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला होता. त्यामुळे दोन वर्षांनी शेतकऱ्यांचा जमाव दिसताच साहेबांच्या छातीत धडकी भरत असणार. गोऱ्या पोलिसांनी सुमारे 50 सत्यशोधकांना पकडले. गुन्हा काय? तर भुकेल्यांसाठी धावपळ. कलेक्टरांनी सावित्रीबाईंना बोलावून घेतले. शिक्षित असली तरी ती शेतकरी घरची बाई, आणि समोर जिल्ह्याचा मालक. पण त्यांनी गाऱ्हाणे घातले नाही. चांगल्या माणसांवर खोटे आरोप का केले, असे सरळ विचारले आणि त्यांना ताबडतोब सोडा असे सांगितले. कलेक्टर भला माणूस निघाला. त्याने माणसे सोडली, शिवाय चार बैलगाड्या भरून ज्वारी पाठवली.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात दया आणि न्याय यांतील फरक आम्ही पानेच्या पाने वाचून शिकलो. सावित्रीबाईंनी भाकरी वाढली ती दया. कचेरीत जाऊन उत्तर मागितले तो न्याय. दोन्ही एकाच आठवड्यात, एकाच बाईने केले असावे. आपल्या धर्मग्रामात नाताळला धान्याची पिशवी देणारे हात पुष्कळ निघतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण अडकलेल्या पेन्शनसाठी एखाद्या म्हातारीबरोबर तहसीलदार कचेरीच्या बाकावर अर्धा दिवस बसायचे म्हटले की आपल्या सर्वांनाच कामे आठवतात. आम्हांलाही.

त्या दुष्काळानंतर, 1880 साली, दुष्काळ आयोगाने मान्य केले की धडधाकटाला काम आणि अपंगाला फुकट अन्न देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. त्यावरून दुष्काळसंहिता तयार झाल्या. ओतूरच्या त्या भेटीमुळे हे घडले असे कोणी म्हणणार नाही. त्यासाठी लाखो माणसे मरावी लागली. महाराष्ट्रात मागेल त्याला काम देण्याचा, म्हणजे रोजगार हमीचा, कायदा झाला तो 1977 साली, त्या पत्राला बरोबर 100 वर्षे झाल्यावर.

1890 मध्ये जोतीराव वारले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावर भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून पुढे चालल्या. 1893 साली सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

1897 साली पुण्यात प्लेग आला. यशवंत तोपर्यंत डॉक्टर झाला होता. त्याने शहराबाहेर दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रोगी आणू लागल्या. वय 66. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेतले आणि दवाखान्यात पोहोचवले. त्यातच त्यांना लागण झाली. 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. प्लेग पुण्यात वरचेवर येत राहिला. 1905 साली रोग्यांना तपासता तपासता यशवंतही त्याच रोगाने गेला.