थरथरणारा हात

परमगुरुस्वामी संत जॉन पॉल दुसरे तरुणपणी फुटबॉल खेळत, डोंगर चढत. १९९१ साली त्यांच्या डाव्या हाताची बोटे थरथरू लागली. तो कंपवात, म्हणजेच पार्किन्सन होता. पुढच्याच वर्षी त्यांनी जागतिक रुग्ण दिन सुरू केला. प्रवास, मिस्सा, लोकांच्या भेटी चालूच राहिल्या. थरथरता हात सारे जग पाहत होते. आजाराचे नाव मात्र व्हॅटिकनने २००३ साली उघड केले. २००५ च्या ईस्टरला त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा त्यांनी हातानेच आशीर्वाद दिला. २ एप्रिलला ते देवाघरी गेले.

घरभेटीला गेल्यावर असे हात शालीखाली, पदराखाली लपवलेले आम्हांला दिसतात. हात स्वस्थ असताना थरथरणे, अक्षर बारीक होणे, चाल मंदावणे, वास न येणे हे सारे म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. आजार मुळासकट जात नाही. पण वेळच्या वेळी गोळ्या आणि रोजचा व्यायाम यांमुळे दैनंदिन कामे बरीच वर्षे करता येतात.

थरथरत्या हाताने ख्रिस्तप्रसाद घेताना कुणाला संकोच वाटू नये, एवढे आपण सारे मिळून पाहू या.